टोमॅटोच्या पिकअपनं ठोकलं, क्लेम माझ्या पॉलिसीवर

ठोकणाऱ्याची चूक असली की ठोकणाऱ्याची इन्शुरन्स कंपनी पैसे देते, अशी माझी समजूत होती. गाडी चालवायला लागून बावीस वर्षं झाली, सीएच्या ऑफिसात आकडेमोड करून त्याहून जास्त, तरी समजूत तशीच होती. गेल्या ऑक्टोबरात ती मोडली, आणि सोबत गाडीची डिकीही.

नाशिकच्या गंगापूर रोडला जेहान सर्कलच्या सिग्नलवर मी लाल दिव्याला उभी होते. गिरणाऱ्याकडून टोमॅटो भरून आलेली पिकअप मागून धडकली. फार जोरात नाही, पण डिकीचा पत्रा आत गेला, बंपर एका बाजूनं लोंबायला लागला आणि उजवा टेल लॅम्प फुटला. पिकअपवरचे दोन क्रेट रस्त्यावर. मी उतरून मागे गेले तर ड्रायव्हर, असेल तेवीस-चोवीसचा, माझ्याकडे बघायच्या आधी टोमॅटो गोळा करत होता. "ताई, ब्रेक लागलाच नाही हो," एवढंच म्हणाला. ट्रॅफिक हवालदारानं दोघांनाही गाड्या बाजूला घ्यायला लावल्या. त्याआधी मी फोटो काढून घेतले होते: त्याची नंबर प्लेट, माझी नंबर प्लेट, सिग्नल दिसेल असा एक. हे फोटो पुढे फार उपयोगी पडले.

पिकअपच्या मालकाला फोन लावला. मालक म्हणे, "मॅडम, इन्शुरन्स आहे ना तुमच्या गाडीला? त्यातनं करून घ्या. पोरगा गरीब आहे." पोरगा गरीब, पण गाडी मालकाची. तिथेच एमपरिवहन या सरकारी ॲपवर पिकअपचा नंबर टाकून पाहिला. तिचा विमा चालू होता. म्हटलं, झालं आपलं काम.

कसलं काम! माझ्या कंपनीच्या हेल्पलाइनवर जी मुलगी होती तिनं (हिंदीत, पण नीट समजावून) सांगितलं की थर्ड पार्टीकडून, म्हणजे ठोकणाऱ्याच्या विम्यातून, गाडीचं नुकसान वसूल करायचं असेल तर पोलिसांत नोंद, पंचनामा आणि मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज, वकील, तारखा. थर्ड पार्टी विम्यात खासगी गाडीला मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं, ते आपण कुठेतरी वाचलेलं असतं. पण ते काउंटरवर जाऊन मागायचे पैसे नाहीत. पंचवीस हजारांच्या कामासाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? म्हणून सगळे आपल्याच पॉलिसीतून ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, क्लेम करतात. मीही केला.

आता सेवेबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही, खासगी आहे एवढं पुरे.

ॲपवरून क्लेम टाकायला पंधरा मिनिटं लागली. त्यातली दहा मिनिटं आरसी बुकाच्या मागच्या बाजूचा फोटो "अस्पष्ट" म्हणून परत येण्यात गेली. गाडी सातपूरच्या एका कॅशलेस वर्कशॉपला (कंपनी आपला वाटा थेट वर्कशॉपला देते अशा) लावली. चोवीस तासांत सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येईल असा मेसेज आला, माणूस आला तिसऱ्या दिवशी. क्लेम पन्नास हजारांच्या आतला, त्यामुळे बाहेरचा सर्व्हेअर सक्तीचा नसतो. कंपनीचाच माणूस होता. त्यानं चासी नंबरचा फोटो काढला, डिकी उघडबंद करून पाहिली (कुलूप बसत नव्हतं), मग बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा स्क्रॅच जुना आहे." होता. आमच्याच गेटच्या खांबाचा. मी कबूल केलं. माणूस कडक होता, पण खोटं काही लिहिलं नाही. मला तसलीच माणसं बरी वाटतात.

सोळा दिवसांनी गाडी तयार झाल्याचा फोन आला आणि काउंटरवर माझ्या हातात कागद ठेवला. बिल जीएसटी धरून २६,५०० रुपयांचं. त्यातले कंपनी देणार १४,६१०, मी भरायचे ११,८९०. आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. काम सुरू करायच्या आधी एस्टिमेटवर माझी सही घेता, मग माझा वाटा किती हेही तेव्हाच सांगा ना.

मी तिथल्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि पेन काढलं. माझी वॅगनआर २०१९ ची, आणि झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नाही. दोन वर्षांपूर्वी रिन्यूअलला हजार-अकराशे वाचवायला मीच काढून टाकलं होतं, त्यात दोष कुणाला देणार! झिरो डेप नसलं की घसारा, म्हणजे पार्टची झीज धरून केलेली कपात, लागतो: प्लास्टिकच्या पार्टला ५० टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्याला ४० टक्के. बंपर २,८०० चा, कापले १,४००. टेल लॅम्प १,९०० चा, कापले ९५०. नवी डिकी ९,६०० ची, कापले ३,८४०. क्लिपा, सीलंट वगैरे ७०० कंझ्युमेबल, ते देत नाहीत. सक्तीचं डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेमला आपण स्वतः सोसायची रक्कम, १,०००, पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला तेवढंच असतं. डेंटिंगच्या मजुरीचे ३,५०० पूर्ण धरलेले. इथपर्यंत ठीक.

पेंटिंगचे ८,०००, आणि कापले होते सरळ ४,०००. इथे अडलं.

पॉलिसीची पीडीएफ मोबाईलवर होती. रंगकामावर ५० टक्के घसारा लागतो, पण फक्त रंगाच्या मटेरियलवर. मजुरीवर नाही. आणि बिलात रंगाचा एकच ठोक आकडा असेल तर त्यातला चौथा हिस्सा मटेरियल धरायचा, असं पॉलिसीतच लिहिलेलं आहे. म्हणजे ८,००० चे २,०००, त्याचे निम्मे १,०००. कापायचे एक हजार, कापले चार. काउंटरवरच्या मुलाला दाखवलं तर तो म्हणाला, "मॅम, सिस्टीमच असं घेतं." सिस्टीम असं घेत असेल तर किती जणांचं घेतलं असेल, हा विचार तेव्हा आला आणि अजून गेलेला नाही.

गाडी तिथेच ठेवून घरी आले. पॉलिसीतल्या त्या पानाचा स्क्रीनशॉट, बिल आणि तीन ओळींचं पत्र कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केलं, सर्व्हे रिपोर्टची प्रतही मागितली. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, सोबत सुधारित आकडा: कंपनी १७,६१०, मी ८,८९०. दिलगिरीचा शब्द नाही, "ॲज पर रिव्ह्यू" एवढंच. पण वाद न घालता दुरुस्त केलं, त्याचे गुण मी देते. नसतं केलं तर बीमा भरोसाच्या (विमा नियामकाच्या तक्रारींच्या) पोर्टलवर आणि महिन्यानं विमा लोकपालांकडे जायची तयारी ठेवली होती.

क्लेम करावा की नाही, हे खरं तर आधीच मांडून पाहिलं होतं. माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट, ५० टक्के होता. बोनसआधी ओन डॅमेजचा प्रीमियम साधारण ६,०००. आता पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं चढत परत ५० वर यायचं. या पाच वर्षांत जादा जाणार ३,०००, १,८००, १,५००, ९०० आणि ३००, म्हणजे ७,५००. प्रीमियम दरवर्षी थोडा उतरतो, ते सोडून दिलं. हातात आले १७,६१०, जाणार साडेसात. डिकी बदलायची नसती, नुसती ठोकून सरळ होणार असती, तर क्लेम केलाच नसता. अंबडच्या आमच्या डेंटरनं रोखीत करून दिली असती.

वर्कशॉपचं काम चांगलं. डिकी एका बोटानं बंद होते, गाडी नवी असतानाही होत नव्हती इतकी सहज. फक्त बंपरची शेड उन्हात किंचित फिकी दिसते. दाखवलं तर म्हणाले, सहा महिन्यांत मॅच होईल.

८,८९० साठी पिकअपच्या मालकाला तीन फोन केले. चौथा त्या ड्रायव्हरला केला. तो म्हणाला, "ताई, त्या दिवशीची माझी हजेरी कापली शेठनं, आणि दोन क्रेटचे पैसेपण." त्यानंतर फोन केला नाही.

मार्चमध्ये रिन्यूअल आहे. कंपनी तीच ठेवतेय, झिरो डेपचा कोट मागवलाय. सहा वर्षांच्या गाडीला देतो म्हणालेत, पण आधी चारही बाजूंचे फोटो पाठवा म्हणे. फोटो संध्याकाळी काढणार आहे.