भोसरीच्या फर्निचर युनिटमधला डस्ट कलेक्टर: दिवाळी ते पावसाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो. पॅनल सॉवर (बोर्ड कापायचं मशीन) पैकीच्या पैकी मार्क, सँडरवर (घासायचं मशीन) काठावर पास. कलेक्टर, म्हणजे मशीनवरची धूळ खेचून गाळणारं यंत्र, एकच, मोटर तीच, फॅन तोच, फरक फक्त आत जाणाऱ्या धुळीचा. आणि नेमकं तेच विकायला येणारे विचारत नाहीत, त्यांचं सगळं एचपी किती आणि सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) किती यावरच चालतं.

आमचं भोसरी एमआयडीसीत मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबचं युनिट आहे. पॅनल सॉ, सीएनसी राउटर, एज बँडर, वाइड बेल्ट सँडर, आणि कोपऱ्यात जुना रंधा, कारण काही गिऱ्हाईकांना दरवाजा अजून सागवानीच लागतो. दिवाळीनंतर 20 एचपीचा कलेक्टर बसवला, पुढे सायक्लोन (हवा गरगरवून जड धूळ खाली पाडणारा डबा) आणि मागे घड्यांच्या कार्ट्रिज फिल्टरचं पल्स जेट (दाबाच्या हवेचे झटके, म्हणजे पल्स, मारून फिल्टर झाडणारी सोय). कंपनीचं नाव देत नाही, बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने असंच असतं.

पॅनल सॉचा भुसा जाड, प्री-लॅमच्या (आधीच लॅमिनेट चिकटवलेल्या बोर्डाच्या) कपच्या तर अजून जड. तो माल सायक्लोनमध्ये गरगरला की भिंतीला लागून सरळ खालच्या ड्रममध्ये, कार्ट्रिजपर्यंत फारसं काही जातच नाही. सँडरवर एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) लावला की सगळं चित्र बदलतं. ती धूळ म्हणजे मैदा. सायक्लोन साधारण 10 मायक्रॉनच्या वरचं बऱ्यापैकी पकडतो, 5 च्या खाली गेलं की त्याचा फारसा उपयोग नाही. बारीक कणाचा आकार निम्मा झाला तर खाली बसायचा वेग निम्मा नाही, चौथाई होतो, म्हणजे तो कण हवेबरोबर वळण घेऊन मजेत पुढे निघून जातो. सँडर चालू असताना ड्रम अर्धा रिकामा आणि कार्ट्रिजचं प्रेशर चढतंय, असं दिसलं तर सायक्लोन बिघडलाय असं समजून लगेच मेकॅनिक बोलावू नका.

एमडीएफचं अजून एक लफडं म्हणजे त्याची धूळ तंतूंची. नुसती बारीक असती तर पल्स मारल्यावर सुटली असती, पण हे तंतू एकमेकांत अडकून घड्यांच्या तळाशी कापसासारखे गच्च बसतात. कागदावर कार्ट्रिजचा एरिया भरपूर दिसतो, पण घड्या बुजल्या की त्यातला किती कामाचा राहतो ते आतून उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. नवीन असताना गेजवर कार्ट्रिजचं प्रेशर 50 मिमी पाणी दाखवत होतं, सँडरचं काम सलग चाललं की 150 च्या वर. तिथून पुढे खेच कमी होते आणि धूळ मशीनच्या हूडमधून बाहेर, म्हणजे पोरांच्या नाकात.

सेटिंगबद्दल सांगतो कारण हे कुणी सांगत नाही. बसवणाऱ्या माणसाने पल्स टायमरवर ठेवून दिले होते, गरज असो नसो दर काही सेकंदांनी फाट फाट. ऐकायला बरं वाटतं, पण फिल्टरवर जो धुळीचा पातळ थर बसतो ना, खरं गाळायचं काम तोच करतो. तो सारखा झाडून टाकला की बारीक धूळ कापडातून पलीकडे जाते आणि कंप्रेसरचं बिल वेगळं. आता प्रेशरवर ठेवलंय, 120 ला सुरू आणि 80 ला बंद. शिवाय ही धूळ इतकी हलकी की फॅन चालू असताना झाडलेली खाली पडतच नाही, वर येणारी हवा तिला परत कार्ट्रिजवर नेऊन चिकटवते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी फॅन बंद करून पल्स मारतो. यानेच सगळ्यात जास्त फरक पडला, खर्च शून्य.

मग आला पावसाळा. एमडीएफची धूळ पाणी पिते, आणि कंप्रेसरच्या लाइनमध्ये पण पाणी साचतं, ते पल्सबरोबर थेट कार्ट्रिजवर पिचकारीसारखं. जुलैत एक कार्ट्रिज काढलं तर घड्यांत लगदा वाळून पापडी झालेली, ते धुऊन काही उपयोग झाला नाही, टाकलंच. त्यानंतर एअर ड्रायर लावला, रिसीव्हरचा ड्रेन रोज उघडतो, आणि काम संपल्यावर फॅन थोडा वेळ रिकामा चालवतो म्हणजे आत ओलसर हवा आणि भुसा घेऊन रात्र जात नाही. गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी जे प्रेशर चढलेलं दिसायचं ते आता नाही.

रंध्याचं वेगळंच. तिथली साल जाड पण हलकी, लांब गुंडाळ्या, त्या हॉपरच्या (खालच्या नरसाळ्याच्या) तोंडाशी कमान करून अडकतात आणि खालचा रोटरी व्हॉल्व्ह (फिरून माल बाहेर टाकणारा) रिकामाच फिरतो. रंधा लाइनमधून काढून त्याला साधा पिशवीवाला ब्लोअर दिला. पाइपचंही लक्षात घ्या, लाकडाच्या भुशाला साधारण 18 ते 20 मीटर प्रति सेकंद वेग लागतो, वेग कमी पडला की आडव्या पाइपात माल बसतो.

आता जरा गंभीर. लाकडाची बारीक सुकी धूळ हवेत उडालेली असेल तर पेट घेते, साधारण 40-60 ग्रॅम प्रति घनमीटरपासून पुढे, आणि धूळ जितकी बारीक तितकी ठिणगी कमी लागते. सँडरमध्ये एखादी स्टेपल पिन आली की ठिणगी तयारच. आमच्याकडे सुरुवातीला पीव्हीसी पाइपचा सल्ला देणारा एक जण होता, स्वस्त पडतो म्हणून, त्यात स्टॅटिक चार्ज साचतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घ्या, फ्लेक्सिबल होजमधली तार अर्थ करा, अँटीस्टॅटिक कार्ट्रिज मागा. आणि अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल कटिंगची धूळ या लाइनला अजिबात जोडू नका, कितीही जवळ मशीन असलं तरी. हॉपरमध्ये भुसा साठवायचा नाही, तो रोज रिकामा.

मास्कचं पोरांना रोज सांगावं लागतं. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ नाकातच अडकते, आतपर्यंत जाते ती न दिसणारी. लाकडाची धूळ आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) 1995 मध्येच कॅन्सरकारक म्हणून ग्रुप 1 मध्ये टाकलीये.

कोणी घ्यावा? प्लाय आणि प्री-लॅम कटिंग मुख्य काम असेल तर डोळे झाकून घ्या, सायक्लोनसकट. सँडिंग जास्त असेल तर घड्यांचं कार्ट्रिज नको, लांब पिशव्यांचा बॅग फिल्टर घ्या, कापडाच्या एरियाच्या मानाने हवा कमी ठेवून, जागा जास्त लागली तरी चालेल. आम्ही सँडरसाठी वेगळा तसाच बघतोय, कोटेशन मागताना यावेळी सोबत सँडरच्या धुळीची एक पिशवी पाठवली, तीन जणांपैकी एकानेच ती उघडून बघितली. काम बहुतेक त्यालाच देऊ.