ट्यूलिपची क्राक बशी: आठ महिन्यांचा अनुभव

क्राक म्हणजे निर्यातीसाठी बनवलेली निळी-पांढरी चिनी मातीची भांडी. ही बशी साधारण २१ सेंमी व्यासाची, चीनमधल्या चिंगदच्चनच्या भट्टीतली, १६४० च्या आसपासची. मधल्या गोलात फुलं आणि टोळ, काठावर कप्पे, आणि त्यांतल्या काहींत ट्यूलिप. हे फूल आलं डच गिऱ्हाइकांच्या आवडीमुळे. १६३५ मध्ये तर डच ईस्ट इंडिया कंपनीने हव्या त्या आकारांचे लाकडी नमुनेच करून पाठवले होते. ताठ देठ, दोन्ही बाजूंना सारखी वळलेली पानं. शेजारच्या कप्प्यातल्या मोकळ्या चिनी फुलांजवळ हा ट्यूलिप लगेच वेगळा दिसतो, आणि बशी रोज बघावीशी वाटते ती त्याच्याचमुळे.

निळा रंग कोबाल्टचा, झिलईच्या खाली. पुसून तो उतरत नाही. दुखणं आहे ते कडेचं. भट्टीनंतर थंड होताना झिलई आणि माती सारख्या आकसत नाहीत, त्यामुळे पातळ कडेवरची झिलई बारीक बारीक उडते. जपानीत याला 'मुशिकुई' म्हणतात, म्हणजे किड्याने खाल्लेलं. हे टवके मूळचेच. भरून घेऊ नका. या बशीत विक्रेत्याने न सांगितलेली दोन ठिकाणची भरणी होती, सहाव्या महिन्यात ती पिवळी पडली. घेतानाच अंधारात ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली कड फिरवून बघा, भरलेली जागा बहुधा वेगळी चमकते. मग बशी बोटांवर तोलून नखाने हलकी टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर चीर किंवा जोड असण्याची शक्यता फार.

भिंतीवर टांगायचा स्प्रिंगचा हुक अजिबात नको, त्याचा सगळा ताण नेमका कडेवर येतो. ॲक्रिलिकचा स्टँड घ्या आणि टेकू बुडाच्या कडीला येईल असा बघा. पावसाळ्यात स्टँडवरचं फेल्ट ओल धरतं, ते काढून टाका.

धुताना प्लास्टिकच्या टबात टॉवेल अंथरा, कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, कापसाचा बोळा. जोडलेली बशी भिजत ठेवू नका, जुना सरस सुटतो. चिरेत काळा डाग असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस काही तास ठेवा, वर प्लास्टिक झाका. तुटलेले तुकडे जोडायला मारलेले लोखंडी टाके असतील तिथे हे करू नका. क्लोरीनचं ब्लीच कधीच नको: त्याचे क्षार चिरेत शिरतात आणि वाळताना झिलई उचकटतात.

जेवणासाठी ही बशी वापरू नये. गरम पदार्थाने चीर पुढे सरकते, आणि आमटीची हळद चिरेत एकदा उतरली की पेरॉक्साइडनेही पुरती निघत नाही.