सायलेन्सरमधून पांढरा धूर? हेड उतरवण्याआधी निळ्या द्रवाचा टेस्टर लावून पाहा

पांढऱ्या धुराची गाडी गॅरेजमध्ये गेली की बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येतं: हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण 'हेड उतरवल्याशिवाय कळणार नाही' हे त्याच्या जोडीला येणारं वाक्य खरं नाही. रेडिएटरच्या तोंडावर बसणारी एक पारदर्शक नळी, तिच्यात थोडा निळा द्रव आणि वर रबरी फुगा एवढ्या साहित्यावर या प्रश्नाचं उत्तर बहुतेक पेट्रोल गाड्यांत पाऊण तासात मिळतं, आणि त्यातला बराचसा वेळ इंजिन गरम होण्यात जातो. ब्लॉक टेस्टर, कम्बशन लीक टेस्टर, हेड गॅस्केट टेस्टर अशा वेगवेगळ्या नावांनी हे किट विकलं जातं. वॉरंटी संपलेली गाडी वापरणाऱ्याने, जुनी गाडी विकत घेणाऱ्याने आणि छोट्या गॅरेजवाल्याने ते जरूर जवळ ठेवावं. फक्त हे किट नेमकं काय ओळखतं आणि कुठे गप्प राहतं ते आधी समजून घ्यायला हवं, कारण सोबतच्या कागदावर त्यातलं निम्मंही लिहिलेलं नसतं.

आधी धूर नीट बघा. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर दिसणारा पांढरा धूर म्हणजे बहुतेक वेळा निव्वळ वाफ. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच, सायलेन्सर गार असेपर्यंत ते दिसतं आणि काही मिनिटांत नाहीसं होतं. सीएनजीवर हे जास्त जाणवतं. सीएनजीतल्या मिथेनमध्ये हायड्रोजनचं प्रमाण अधिक असल्याने पेट्रोलच्या धुरात साधारण 13 टक्के वाफ असेल तर सीएनजीच्या धुरात ती 19 टक्क्यांच्या आसपास जाते. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी सीएनजी गाडीमागे पांढरा पट्टा दिसला म्हणून किट मागवायची गरज नाही.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सिलिंडरमध्ये शिरल्याने येणारा धूर वेगळा असतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही तो येत राहतो, लगेच विरत नाही, मागे रेंगाळतो आणि त्याला गोडसर वास असतो. सोबत कूलंट कमी होत जातं, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. गार इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर संशय पक्का धरा. एवढ्या वेळात कूलंट गरम होऊन दाब वाढणं शक्य नसतं, तो दाब सिलिंडरमधूनच येतो. ऑइल कॅपखाली दिसणाऱ्या पांढऱ्या सायीवर मात्र एकट्याने विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत दमटपणामुळे ती तशीही जमते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं असेल, तर गोष्ट गंभीर.

डिझेल गाडीचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर ते न जळलेलं इंधन आहे. ग्लो प्लग, इंजेक्टर, टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन ही त्याची कारणं. तिथे या किटचा काही उपयोग नाही.

आता किटकडे वळू. निळ्या द्रवात ब्रोमोथायमॉल ब्लू नावाचा सूचक असतो. सिलिंडरमधला जळलेला वायू गॅस्केटमधून किंवा हेडच्या तड्यातून कूलंटमध्ये शिरला की तो बुडबुड्यांनी रेडिएटरच्या तोंडाशी येतो. फुगा दाबून-सोडून ती हवा द्रवातून ओढायची. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनतं आणि द्रव निळ्याचा हिरवा, मग पिवळा होतो. साध्या हवेत हा वायू 0.04 टक्के असतो, पेट्रोलच्या धुरात 12 टक्क्यांच्या वर. फरक इतका मोठा आहे की चाचणी नीट केली तर पिवळा रंग शंकेला फारशी जागा ठेवत नाही. या साधनाचं खरं बळ हेच आहे.

द्रव जिवंत आहे का ते वापरण्याआधी पाहा. वेगळ्या छोट्या बाटलीत थोडा द्रव घेऊन त्यात स्ट्रॉने हळू फुंका, चुकूनही ओढू नका. आपल्या उच्छ्वासात चारेक टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे चांगला द्रव थोड्या वेळात हिरवा-पिवळा होतो. ताजी हवा त्यातून खेळवली की तो पुन्हा निळा व्हायला लागतो. रंग बदललाच नाही तर बाटली जुनी किंवा भेसळीची समजा. ही तपासणी न करता 'निळाच राहिला, गॅस्केट ठीक आहे' असं म्हणण्यात अर्थ नाही.

चाचणी सुरू करायची ती पूर्ण गार इंजिनवर. गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. झाकण काढून तोंडापासून साधारण 5 सेंटीमीटर खाली येईल एवढं कूलंट स्वच्छ भांड्यात काढा. ते तसंच उघडं ठेवू नका, त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं आणि गोड चवीमुळे कुत्री-मांजरं चाटतात. गाडी मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा जिवाला धोका असतोच, शिवाय आसपास साचलेला धूर ओढला जाऊन द्रव खोटाच पिवळा होतो. इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत, म्हणजे खालचा होजही गरम लागेपर्यंत थांबा. मग नळीत खुणेपर्यंत द्रव भरा, रबरी शंकू रेडिएटरच्या तोंडात थोडा पिळून घट्ट बसवा आणि एक-दोन मिनिटं फुगा सावकाश दाबत राहा. मधून मधून कोणाला तरी गाडी 2,000 ते 2,500 आरपीएमपर्यंत रेस करायला सांगा. रंग बघताना मागे पांढरा कागद धरा. रात्री मोबाइलच्या पिवळसर दिव्यात हिरवा आणि निळा यांत हमखास गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे कूलंट नळीत शिरणं. इंजिन तापलं की पातळी वर चढते, फुगा जोरात सोडला की कूलंट वर ओढलं जातं आणि द्रव बाद होतो. हिरव्या कूलंटने निळा द्रव हिरवट दिसला म्हणजे गॅस्केट गेलं असं नव्हे. अशा वेळी नळी साध्या पाण्याने धुवून नवीन द्रव घ्या. म्हणूनच एका कप्प्यापेक्षा दोन कप्प्यांचा टेस्टर घेणं शहाणपणाचं. खालच्या कप्प्यात कूलंटचा शिंतोडा अडकतो आणि वरच्या कप्प्याचा रंग भरवशाचा राहतो. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

विकत घेताना आणखी तीन ठिकाणी लक्ष द्या. किटमध्ये द्रव आहे की नाही ते पहिलं. पुष्कळ ऑनलाइन जाहिरातींत बाटली दिसते आणि खाली बारीक अक्षरात 'द्रव समाविष्ट नाही' असं लिहिलेलं असतं. दुसरं, फुग्याचा एकमार्गी व्हॉल्व्ह. स्वस्त किटमध्ये सगळ्यात आधी तोच दगा देतो. नळीचं खालचं तोंड बोटाने बंद करून फुगा दाबून सोडा. तो दबलेलाच राहिला तर व्हॉल्व्ह आणि सांधे ठीक आहेत. तिसरं, शंकूचा आकार. ज्या गाड्यांत रेडिएटरवरच दाबाचं झाकण असतं तिथे शंकू सहसा बसतो. पण ज्या गाड्यांत दाबाखालची प्लास्टिकची टाकी असते, तिचं तोंड रुंद असल्याने एकाच मापाच्या शंकूत फट राहते. दोन-तीन मापांचे अडॅप्टर असलेलं किट तिथे कामी येतं. उलट, साध्या ओव्हरफ्लो बाटलीवर शंकू लावून काढलेला निकाल कुचकामी. तिथे दाब नसतो, टेस्टर रेडिएटरच्याच तोंडावर लागला पाहिजे.

डिझेलच्या बाबतीत हे किट निम्मंच पास होतं. डिझेल इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं चालू असलं की, भरपूर जादा हवा घेतं, त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइड दोन ते चार टक्केच असतो. द्रव पिवळ्याऐवजी हिरवटावरच थांबू शकतो किंवा निळाच राहतो. इंजिनवर भार पडेल असं चालवून पुन्हा चाचणी करा आणि स्पष्ट हिरवा रंगही होकारार्थी धरा. डिझेलमध्ये निळ्या रंगावरून गॅस्केटला क्लीन चिट देऊ नका.

पेट्रोल गाडीतही निळा रंग म्हणजे नेहमीच सुटका नसते. काही तडे गरम आणि भाराखाली असतानाच उघडतात. थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाडीत इंजिन पुरेसं तापतच नाही, आणि 'गाडी गरम होते, थर्मोस्टॅट काढून टाक' हा उपाय आपल्याकडे अजूनही सर्रास केला जातो. सगळ्यात फसवा प्रकार उलट दिशेच्या गळतीचा. गाडी बंद केल्यावर उरलेल्या दाबाने कूलंट रात्रभर सिलिंडरमध्ये झिरपतं, सकाळी सुरू करताना एक सिलिंडर मिस करतो, पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत होतं. इथे टेस्टर गप्प राहू शकतो. मग कूलिंग सिस्टिमचा हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यायचा (बहुतेक गाड्यांत 0.9 ते 1.1 बार) आणि अर्धा तास थांबायचं. काटा उतरला आणि बाहेर गळती नसली, तर स्पार्क प्लग काढून मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा आत सोडा. काळ्या पिस्टनांत एखादाच धुतल्यासारखा चकचकीत दिसला, तर पाणी तिथेच जातंय. गॅस्केट ऑइल आणि कूलंटच्या वाटांच्या मधेच फाटलं असेल, तर ते या निळ्या द्रवाला कळतच नाही. तिथे डिपस्टिक आणि टाकीत तरंगणारा तेलाचा थर बघायचा.

नेमका कोणता सिलिंडर हेही या किटने शोधता येतं, आणि हे फार थोडे लोक करतात. द्रव पिवळा झाला की ताजा द्रव भरा, एका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि चाचणी परत करा. ज्या सिलिंडरचं इंधन बंद केल्यावर द्रव निळा राहतो, गळती त्याची. आधीचा वायू कूलंटमध्ये अडकलेला असतो, म्हणून प्रत्येक वेळी काही मिनिटं जाऊ द्या. नुसती स्पार्कची कॉइल काढू नका, न जळलेल्या पेट्रोलमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) जळून खराब होतो. सीएनजी गाडी असेल तर ही तपासणी पेट्रोलवर करा.

निळ्या आणि काळ्या धुरासाठी हे किट घेऊ नका, ते पैसे दुसरीकडे लावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना एकदाच निळा लोट टाकला, किंवा घाट उतरून पुन्हा पिकअप देताना धूर आला, तर वॉल्व्ह सील. जोर दिला की सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. टर्बो गाडीत इंटरकूलरच्या पाइपात साचलेलं ऑइल आणि तुंबलेली ब्रीदर लाइन आधी बघा. इथे कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) हवं: सगळे प्लग काढून, इंधन बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरचे पाच-सहा झटके. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात 5 मिली ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असतील, तर त्यांच्या मधलं गॅस्केट. हा ऑइलचा प्रयोग डिझेलवर करू नका, आणि पेट्रोलचं गेज डिझेलला लावूही नका. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर, फाटलेला टर्बो होज, उघडा अडकलेला ईजीआर (जळलेला वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), गळका इंजेक्टर. बीएस 6 डिझेलमध्ये काजळी डीपीएफ हा फिल्टर अडवतो, त्यामुळे काळा धूर दिसायलाच नको. सायलेन्सरच्या टोकावर काळी पूड जमत असेल तर डीपीएफ फुटलाय किंवा कोणी तरी काढलाय.

टेस्टरने होकार दिला तर नुसतं गॅस्केट बदलून घेऊ नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने वाक मोजायला सांगा. छोट्या अ‍ॅल्युमिनियम हेडची मर्यादा 0.05 मिमीच्या आसपास असते, नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्या. त्यापुढे गेलं असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट करून घेणं. पृष्ठभाग ग्राइंडरच्या चकतीने घासू देऊ नका, खड्डे पडतात. अंशांच्या मापाने आवळायचे बोल्ट असतील तर ते नवेच घ्यायचे आणि मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळायचे. हेड तापलं कशामुळे ते शोधल्याशिवाय बिल देऊ नका: फॅनचा रिले, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, झाकणाचं कडक झालेलं रबर, बोअरवेलच्या पाण्याने तुंबलेला रेडिएटर. जोडणी झाल्यावर नवीन कूलंट भरून, हवा काढून, गाडी दोन-तीनदा पूर्ण गरम-गार होऊ द्या आणि मग पूर्ण गार इंजिनवर हीच चाचणी ताज्या द्रवाने पुन्हा घ्या.