मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे ऑनलाइन: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्पर्धा परीक्षेतील तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषी शब्दांच्या याद्या घोकून कंटाळल्यामुळे, गेल्या उन्हाळ्यापासून मी अंबाजोगाईत अभ्यास करताना शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील मोल्सवर्थ यांचा कोश (१८५७ची आवृत्ती) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' नियमित वापरत आहे. दोन्ही मोफत आहेत.

तद्भव शब्दांसाठी दाते-कर्वे अधिक उपयोगी वाटले, कारण नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात मूळ रूप दिलेले असते आणि हस्त, हत्थ, हात ही वाटचाल एकदा ध्यानात आली की कर्ण-कान, सप्त-सात या जोड्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत. मोल्सवर्थमध्ये बऱ्याचदा मूळ भाषेचे केवळ आद्याक्षर असते आणि अर्थ इंग्रजीत असतात, त्यामुळे ज्यांचे इंग्रजी बेताचे आहे त्यांची दमछाक होते.

खरा फायदा अरबी-फारसी शब्दांत झाला. सप्टेंबर १९४८पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या आपल्या भागात जुने महसुली कागद उर्दूत असत, त्यामुळे असे शब्द घरोघरी कानांवर पडतात. पण त्यांचे गोत्र कोणी सांगत नाही. महसूल, तहसील आणि 'सांगून काय हशील?' यातला हशील हे तिन्ही एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत, तर महसूलशी यमक जुळणारा वसूल मात्र निराळ्या धातूचा आहे. निव्वळ उच्चारसाम्यावर व्युत्पत्ती ठरवणाऱ्या गाइडांवरून माझा विश्वास उडाला तो इथेच. हा धातू मराठी कोशांत शोधत बसू नये; त्याच संकेतस्थळावरील प्लॅट्स यांचा १८८४चा उर्दू कोश उघडावा. घरात उर्दू माध्यमात शिकलेले आजोबा असतील तर काम आणखी सोपे.

अडचण आहे ती जुन्या शुद्धलेखनाची. १९६२च्या नियमांआधीचे अनुस्वार या कोशांत जसेच्या तसे आहेत, त्यामुळे 'नाव' शोधल्यास होडी मिळते आणि संज्ञेच्या अर्थाचा शब्द 'नांव' असा टाइप केल्यावरच सापडतो. शब्द मिळाला नाही तर कोशात तो नाहीच असे मानण्यापूर्वी अनुस्वार देऊन आणि शेवटचा इकार-उकार ऱ्हस्व करून (कवी ऐवजी कवि) पुन्हा शोधावे.