व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचं पॅकेज आणि अमळनेरच्या बारा जणांचे गेलेले पैसे

अमळनेर-पारोळ्याकडच्या बारा जणांनी एप्रिलात बेत आखला होता. कपाशीची लागवड, पहिली निंदणी आटोपली की पंधरा ऑगस्टच्या आगेमागे उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स पाहून यायची. महिनाभरात त्यांचे १,६८,६०० रुपये गेले आणि जळगाव स्टेशनपर्यंतही कुणाला जावं लागलं नाही. इथे तो प्रकार पैशांच्या हिशोबासह मांडला आहे, कारण खान्देशातून हिमालयाकडे निघणाऱ्या गटांना हीच जाहिरात थोड्याफार फरकाने येत असते.

जाहिरात फेसबुकवर होती, बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर. फोन उचलणारा अहिराणी बोलायचा. मूळचा धुळ्याकडचा, आता हरिद्वारला स्थायिक, अशी ओळख द्यायचा. "नाना, मी आपलाच माणूस शे. आते चारच सीटा बाकी शेतस." या एका वाक्यावर गटाने पुढची चौकशी सोडून दिली. परमुलखात आपल्या बोलीचा माणूस भेटला की जीव भांड्यात पडतो, ते साहजिकच आहे. पण बोली कुणालाही येते. ती ऐकून माणूस कुठला ते कळेल, तो ट्रेक चालवतो की नाही ते कळणार नाही.

दर माणशी २४,५०० रुपये, 'जळगाव ते जळगाव, ६ रात्री ७ दिवस'. आधी 'सीट ब्लॉक' म्हणून माणशी २,००० घेतले. दोनच दिवसांत 'ऑफर संपतेय' म्हणून निम्मी रक्कम पुरी करायला लावली, म्हणजे एकूण १,४७,०००. मग 'पार्कचं परमिट' म्हणून माणशी १,८०० वेगळे, त्याचे २१,६००. मेच्या सुरुवातीला त्याने ८ ऑगस्टच्या रेल्वे तिकिटांचा पीएनआरसकट स्क्रीनशॉट पाठवला. गट निर्धास्त झाला. जूनमध्ये नंबर बंद पडला.

सगळ्यात मोठा पुरावा त्या स्क्रीनशॉटमध्येच होता. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं, पूर्वी ते १२० दिवस आधी व्हायचं. ८ ऑगस्टच्या गाडीचं आरक्षण ९ जूनच्या आधी उघडतच नाही. मग मे महिन्यात 'कन्फर्म' तिकीट आलं कुठून? पीएनआरचे दहा आकडे रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकावर किंवा रेल्वेच्या संकेतस्थळावर टाकले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. तिकिटाचं चित्र कुणालाही बनवता येतं. आकडे स्वतः टाकून पाहिल्याशिवाय ते तिकीट नाहीच असं धरा.

त्याने पाठवलेला सात दिवसांचा कार्यक्रमही तसाच ओळीओळीने खोटा होता, पण ते कळायला तिथला रस्ता आणि उद्यानाचे नियम माहीत हवेत.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स चमोली जिल्ह्यात आहे. रेल्वे हरिद्वार-ऋषिकेशपर्यंत. ऋषिकेशहून जोशीमठ, म्हणजे आताचं ज्योतिर्मठ, साधारण २५० किलोमीटर. सगळा घाटरस्ता, वाट मोकळी असली तरी नऊ-दहा तास. तिथून गोविंदघाट वीसेक किलोमीटर, मग जीपने चार किलोमीटरवर पुलना. पुलन्यापासून घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटरची चढण, पायी नाहीतर खेचरावर. घांघरिया साधारण ३,००० मीटर उंचीवर आहे. चालायची सवय नसलेल्याला पाच-सहा तास लागतात.

आता त्या कार्यक्रमाची ओळ वाचा : 'तिसरा दिवस : सकाळी हरिद्वारहून निघून रात्री घांघरिया.' पहाटे निघालं तरी गोविंदघाटला अंधार पडतो आणि अंधारात वरच्या पायवाटेने कुणाला सोडत नाहीत. यात्रेच्या दिवसांत घाटातली वाहतूकही रात्री थांबवतात. ही ओळ लिहिणारा त्या वाटेने एकदाही गेलेला नाही.

पुढची ओळ : 'चौथा दिवस : व्हॅलीत तंबूत मुक्काम, कॅम्पफायर.' व्हॅलीत मुक्कामाला परवानगी नाही, कुणालाच नाही. दुपारनंतर फाटकातून आत घेत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत सगळ्यांना बाहेर यावं लागतं. १९८२ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा आतली गुरं-मेंढ्यांची चराईसुद्धा बंद झाली. पुढे २००५ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. जिथे मेंढपाळाला थारा नाही तिथे शेकोटी कोण पेटवू देईल? मुक्काम घांघरियातच करायचा आणि रोज तिथूनच जाऊन परत यायचं. 'खेचराने थेट फुलांपर्यंत' हीसुद्धा थाप आहे. खेचरं घांघरियापर्यंत आणि तिथून वर हेमकुंड या शिखांच्या तीर्थाच्या वाटेवर चालतात, व्हॅलीत त्यांना बंदी आहे. चालता न येणाऱ्यासाठी पाठीवर कंडी, म्हणजे माणूस बसेल अशी टोपली, वाहणारे मजूर मिळतात, बस.

परमिटचे माणशी १,८०० रुपये ऐकून तर फार वाईट वाटतं. प्रवेशाचं परमिट वन विभाग देतो. भारतीय माणसाला ते काहीशे रुपयांत मिळतं आणि तीन दिवस चालतं. त्यासाठी मूळ ओळखपत्र लागतं. कुणी त्यासाठी हजाराच्या वर आगाऊ मागत असेल तर बोलणं तिथेच थांबवा.

हेलिकॉप्टरचंही तसंच. गोविंदघाट-घांघरिया हेलिकॉप्टर आहे, पण जुलै-ऑगस्टात ढग खाली उतरले की दिवसच्या दिवस उड्डाण होत नाही. त्यामुळे 'परतीचं हेलिकॉप्टर नक्की' असं प्रामाणिक माणूस म्हणतच नाही. केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटांच्या नावाने तर देशभर खोटी संकेतस्थळं चालतात. ती तिकिटं फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा पोर्टलवर मिळतात, व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत.

हंगामावरूनही ओळखता येतं. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढंच उघडं असतं. फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. 'मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना फुलं दाखवा' अशी जाहिरात दिसली तर ती बंद फाटकाची तिकिटं विकतेय असं समजा. ब्रह्मकमळाचा फोटो टाकून 'व्हॅलीत ब्रह्मकमळांचा सडा' लिहिलं असेल तरी सावध व्हा. ब्रह्मकमळ बघायचं तर हेमकुंडाच्या वाटेने वर चढावं लागतं. हेमकुंड ४,३०० मीटरच्या वर आहे.

मग खान्देशातून खरा वेळ किती लागतो? जळगाव किंवा भुसावळहून दिल्लीमार्गे हरिद्वारला पोचेपर्यंत दुसरा दिवस जातो. तिसरा दिवस जोशीमठ. चौथा घांघरिया. पाचवा व्हॅली, सहावा हेमकुंड. सातव्या दिवशी उतरून जोशीमठ, आठव्या दिवशी हरिद्वार, पुढे परतीचे दोन दिवस. शिवाय दरडींसाठी एक-दोन दिवस राखीव हवेतच. जोशीमठच्या रस्त्यावर पीपलकोटीच्या पुढे पागलनाल्यासारख्या जागा पावसाळ्यात कधी बंद होतील याचा नेम नसतो. म्हणजे अकरा ते बारा दिवस. जळगाव ते जळगाव सात दिवसांत हे बसवणारा एकतर अडाणी आहे, नाहीतर चोर. दोघांनाही पैसे द्यायचे नसतात.

माणूस तपासायचा कसा, ते आता बघू. या ठगाने जीएसटी क्रमांकही दिला होता आणि तो खराही होता, पण दुसऱ्याच राज्यातल्या हार्डवेअर दुकानाचा. जीएसटी क्रमांकात १५ अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, उत्तराखंड ०५. पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता करदाता शोधता येतो. तिथे आलेलं नाव, पत्ता आणि व्यवसाय कोटेशनवरच्या नावाशी जुळायला हवा. उत्तराखंडात टूर चालवणाऱ्याला पर्यटन विभागाकडेही नोंदणी करावी लागते. तिचा क्रमांक मागा. खरा चालक लगेच देतो, खोटा रागावतो.

यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. ते वाचा. इथे तिन्ही वेळा वेगवेगळ्या व्यक्तींची नावं आली होती आणि 'कंपनीचं खातं ऑडिटला आहे' हे उत्तर गटाने मान्य केलं. ऑडिटमुळे कंपनीच्या खात्यात पैसे येणं थांबत नाही.

हॉटेलला स्वतः फोन करायचा असेल तर ऑनलाइन नकाशावरच्या नंबरवर विसंबू नका, तिथेही खोटे नंबर घुसवलेले असतात. घांघरियात गढवाल मंडल विकास निगमचं विश्रामगृह आहे. त्याचं आरक्षण निगमच्या संकेतस्थळावरूनच करा. संकेतस्थळाचा पत्ता जाहिरातीतून उचलू नका, स्वतः टाइप करा. आगाऊ रक्कम पाव हिश्शापेक्षा जास्त मागत असतील तर घाई करू नका. उरलेले पैसे पोचल्यावर देऊ असं सांगून बघा, समोरच्याचा सूर लगेच बदलतो.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. शक्यतो तासाभरातच, कारण पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते. फोन करताना यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचं नाव हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पुरी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपची पूर्ण चॅट निर्यात करून जोडा. चॅट रागाने डिलीट करू नका. पोलीस ठाणं 'गुन्हा उत्तराखंडातला' म्हणाले तर शून्य क्रमांकाचा एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

या गटाची अडचण वेगळीच होती. बारा जणांनी रोख पैसे गोळा केले आणि तिघांच्या खात्यांतून पाठवले. बँकेच्या कागदांवर फसलेले तिघेच. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याला स्वतःची तक्रार द्यावी लागली, बाकीच्या नऊ जणांकडे साधी पावतीही नव्हती. गटाने जायचं असेल तर कुणी किती दिले ते वहीत लिहून सह्या घ्या, आणि जमलं तर प्रत्येकाने आपल्याच खात्यातून भरा.

तीन दिवसांत बँकेला कळवलं की बँक पूर्ण भरपाई देते, असंही कुणी सांगेल. तो नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला आहे. इथे पिन आपणच टाकलेला असतो, म्हणून बँकेवर भिस्त ठेवू नका. चालक खरा असून सेवा दिली नाही, असा मामला असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल होते. हरिद्वारला खेटे घालावे लागत नाहीत, वकीलही सक्तीचा नाही.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम होल्डवर आहे, सोडवायला प्रक्रिया शुल्क भरा', किंवा 'रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा'. पैसे यायला पिन लागत नाही, आणि पोलीस पैसे सोडवायला पैसे मागत नाहीत. तो नंबर, दिवस आणि वेळ लिहून घ्या आणि त्याच तक्रारीला जोडा.