होम्स स्टिरिओस्कोपमधून रेल्वेची जुनी छायाचित्रं: आठ महिन्यांचा अनुभव

हातात धरायचा लाकडी स्टिरिओस्कोप, म्हणजे किंचित वेगळ्या कोनांतून काढलेली दोन चित्रं दोन डोळ्यांना एकेक दाखवून खोलपणाचा भास देणारं उपकरण, घेऊन आठ महिने झाले. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१च्या सुमारास जी सुटसुटीत घडण लोकांसमोर आणली, तिचीच ही नवी प्रतिकृती: दोन भिंगं, खाली मूठ, आणि दांडीवर मागेपुढे सरकणारी कार्ड अडकवायची आडवी पट्टी. मी तो एकाच कामासाठी घेतला. अमेरिकेत सेंट्रल पॅसिफिक रेल्वे बांधली जात असताना आल्फ्रेड हार्ट यांनी १८६४ ते १८६९ या काळात ३६४ जोडचित्रं काढली. ती वर्षानुवर्षं स्क्रीनवर सपाट बघत आलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीच मला कंटाळवाणी वाटायची. दगड, माती, रूळ, पुन्हा दगड.

पहिलं कार्ड लावलं ते ब्लूमर कटचं. कॅलिफोर्नियातल्या ऑबर्नजवळ टेकडी चिरून काढलेली ही खिंड ६३ फूट खोल. सपाट चित्रात ती नुसती करडी भिंत दिसते. इथे पट्टी हळूहळू पुढे सरकवली, दोन चित्रं एकमेकांत मिसळली आणि एकदम दोन्ही बाजूंचे कडे उभे राहिले, मधून रूळ आत आत जाऊ लागले. तेव्हा कळलं की ही चित्रं खोलपणाच्या भासासाठीच काढलेली आहेत. रुळांची जोडी लांब जाताना जवळ येते, आणि स्टिरिओला नेमकं तेच हवं असतं. रेल्वे आणि स्टिरिओ एकाच काळात घरोघरी पोचले, ते एकमेकांना इतके मानवले यात मला आता नवल वाटत नाही.

कार्डं मी स्वतः तयार करतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातली स्कॅन मोठ्या आकारात मिळतात. सात बाय साडेतीन इंच छापायची आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवायची. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड परावर्तित होतो आणि सगळा खोलपणा मरतो. दोन्ही चित्रं उंचीला तंतोतंत एका रेषेत हवीत. माझ्या एका कार्डात जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक राहिला होता, तर दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं. डावं-उजवं उलटं लागलं तर दरी फुगून टेकडी होते.

उपकरणाच्या तक्रारी दोन. दमट हवेत दांडी फुगली आणि पट्टी अडकायला लागली. खाचेत मेण घासल्यावर सरकू लागली, पण विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. दुसरी, डोळ्यांवरची झडप चष्म्यावर टेकते. चष्मा काढूनच बघावं लागतं, आणि ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांनी आधी हातात घेऊन पाहावं. भिंगं मात्र उत्तम, कडेलाही चित्र फाटत नाही.

ज्या कार्डाकडे मी सगळ्यात जास्त वेळा परत जातो ते सिएरा नेवाडा पर्वतातल्या आठव्या बोगद्याच्या पूर्व तोंडाचं आहे. त्यात एक चिनी कामगार आहे, खांद्यावर आडवी काठी, काठीच्या दोन्ही टोकांना पिंपं. आत खडक फोडणाऱ्यांसाठी तो चहा नेतो आहे. तेव्हा फोटो ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे रसायनाचा ओला थर दिलेल्या काचेवर घेत आणि तो उमटायला काही सेकंद लागायचे, म्हणजे तो तेवढा वेळ ते ओझं घेऊन हार्ट यांच्यासाठी निश्चल थांबला असणार. स्क्रीनवर मी त्याला बोगद्याचं माप कळावं म्हणून उभा केलेला माणूस समजत होतो. भिंगातून तो खडकापासून सुटून पुढे येतो, त्याच्या पाठीमागे मोकळी हवा असते.

यानंतर १० मे १८६९चं, पूर्व आणि पश्चिमेकडून आलेले रेल्वेमार्ग जिथे जोडले गेले त्या प्रोमोंटरीचं प्रसिद्ध चित्र बघवत नाही. अँड्र्यू रसेल यांची ती काच दहा बाय तेरा इंचांची, तपशील अप्रतिम, ज्युपिटर आणि ११९ ही दोन इंजिनं समोरासमोर, माणसांची गर्दी, बाटल्या उंचावलेल्या. सेंट्रल पॅसिफिकच्या मजुरांत चिनी माणसं बहुसंख्य होती, आणि त्या गर्दीत मी त्यांना शोधत राहतो. हार्ट यांच्या छोट्या कार्डांत ती तळावर, भरावावर, बोगद्याच्या तोंडाशी दिसतात, अनेकदा इतकी बारीक की सपाट चित्रात दगडांत मिसळून जातात. सध्या सगळी कार्डं क्रमाने लावतो आहे. दोनशेच्या पुढे पोचलोय, आणि प्रत्येकात आधी माणसं मोजतो.