कोथरूड की बाणेर-बालेवाडी? आधी गेटमधून बाहेर पडून कुठे वळता येतं ते बघा

बजेट साधारण सारखंच, टू बीएचके हवाय, नवरा-बायको दोघंही नोकरीला, एकाचं ऑफिस औंध-हिंजवडीकडे आणि दुसऱ्याचं कॅम्प नाहीतर शिवाजीनगरला. असं गणित घेऊन पुण्यात घर शोधणाऱ्यांची गाडी फिरून फिरून या दोनच नावांवर येऊन अडते. मी आधी बालेवाडीत भाड्याने राहिलो आणि नंतर कोथरूडला घर घेतलं, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी प्यायलोय, बालेवाडीचं बऱ्याचदा टँकरचं. कार्पेट एरिया, अ‍ॅमेनिटीज, स्क्वेअर फुटाचा दर हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलेलं असणार, ते सोडून देतो. मी फक्त रस्त्याचं बोलणारे.

आधी मेट्रोचं उरकून घेऊ कारण एजंट तिथूनच सुरुवात करतो. कोथरूडच्या वनाझ स्टेशनपासूनची लाइन ६ मार्च २०२२ ला सुरू झाली तेव्हा ती गरवारे कॉलेजपर्यंतच होती, लोक पोरांना घेऊन नुसते फिरायला जायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये ती रुबी हॉलपर्यंत गेली, मार्च २०२४ ला रामवाडी, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या लाइनचा सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी तुकडा सुरू झाला, तेव्हा कुठे ती रोजच्या कामाची वाटायला लागली. आता बायको आयडियल कॉलनीला चढते, पुणे स्टेशनला उतरते आणि रिक्षाने कॅम्पात जाते, पावसाळ्यात तर हे सुखच आहे. पण कोथरूड म्हणजे सगळं मेट्रोला लागून असं समजू नका. मेट्रो पौड फाट्यावरून पौड रोडला वळते, त्यामुळे डहाणूकर, कर्वेनगरकडे घर असेल तर स्टेशनपर्यंत जायलाच गाडी काढावी लागते आणि एकदा गाडी काढली की माणूस म्हणतो आता तशीच पुढे नेऊ.

बाणेरची लाइन म्हणजे हिंजवडी-शिवाजीनगर, तेवीस किलोमीटरच्या वर लांब, २३ स्टेशनं, पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) पीपीपीवाला, म्हणजे खासगी कंपनीच्या भागीदारीतला प्रोजेक्ट. मी तिथे होतो तेव्हा ती लाइन म्हणजे खांब, पत्र्याचे बॅरिकेड आणि धूळ. ती सुरळीत धावली की बाणेरचं पारडं जड होणार हे मी आत्ताच मान्य करतो, त्यात वाद नाही. ज्यांचं ऑफिस हिंजवडीत आणि घर बाणेर रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यांनी माझं पुढचं जरा कमी मनावर घ्यावं.

उड्डाणपुलांचं मात्र दोन्हीकडे सारखंच. विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात पाडला, मेट्रो आणि नवीन दुमजली पुलासाठी, आणि मग बाणेर-औंधवाल्यांनी जी वर्षं काढली ती त्यांनाच माहीत. इकडे नळस्टॉपला २०२२ मध्ये दुमजली पूल झाला, सगळ्यात वर मेट्रो, मधे गाड्या, खाली सिग्नल, आणि पूल उतरलात की पुढच्या गर्दीत सामील. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यरात्री स्फोट करून पाडला, म्हणजे पाडायला गेले पण तो पूर्ण पडलाच नाही, उरलेला पोकलेनने तोडावा लागला. नवीन चौक ऑगस्ट २०२३ पासून चालू आहे. गाडीवाल्यांची तिथे सोय झाली हे खरंय, मुंबईला जाताना आता पूर्वीसारखा जीव जात नाही, पण पहिल्यांदा येणारा माणूस चुकीच्या रॅम्पवर चढला की थेट वारज्याकडे निघतो, आणि पायी चालणाऱ्याचा विचार कुणी केला होता का हे मला अजून कळलेलं नाही. थोडक्यात पूल बघून एरिया ठरवू नका, पुलांवरून भांडणारे दोन्हीकडे भरपूर आहेत आणि सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर असतं.

आता ज्या एका गोष्टीने मी कोथरूडला आलो ती सांगतो. हसू नका. यू-टर्न.

बालेवाडीतलं आमचं घर ज्या रस्त्यावर होतं तो बघायला एक नंबर. रुंद, मधे डिव्हायडर, दोन्ही बाजूंना फुटपाथ, फुटपाथवर चक्क चालता येतं. आमच्या गेटच्या बरोबर समोर डिव्हायडरला गॅप होता. मग तिथे एक अपघात झाला, त्यावरून आजूबाजूच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर चर्चा, पत्रं, सह्या, आणि एके दिवशी सकाळी बघतो तर गॅपमध्ये सिमेंटचे ठोकळे टाकलेले. झालं. मला ऑफिसला जायचं उजवीकडे, पण आता आधी डावीकडे निघायचं, चौकापर्यंत जायचं, तिथे यू-टर्न मारायचा आणि परत आपल्याच सोसायटीच्या समोरून जायचं. निघताना वॉचमन सलाम ठोकायचा आणि थोड्या वेळाने पलीकडच्या लेनमधून आम्ही चाललेलो दिसलो की हसायचा.

अंतर म्हणाल तर काहीच नाही, कोणाला सांगितलं तर म्हणेल एवढ्यासाठी घर बदललंत? पण त्या यू-टर्नला सकाळी टँकर असायचे. टँकर एका दमात वळत नाही. आधी पुढे घेणार, नाक पलीकडच्या फुटपाथला टेकवणार, मग क्लीनर खाली उतरून पत्र्यावर थापा मारत येऊ दे येऊ दे करणार, टँकर मागे येणार, मागच्या झाकणातून पाणी सांडतंय, दोन्ही लेन बंद, आणि आपण त्याच्या मागे कॉलला हजर होऊन म्यूट करून बसलेले. त्या टँकरमधलं पाणी कदाचित आपल्याच सोसायटीत जायचंय, त्यामुळे शिव्या देणार तरी कोणाला. डिलिव्हरीवाली पोरं या भानगडीत पडायचीच नाहीत, सरळ रॉन्ग साइडने यायची, मग हळूहळू स्कूटरवाले रहिवासीपण, मग शाळेच्या व्हॅन. ज्या अपघाताच्या भीतीने गॅप बंद केला तो आता दुसऱ्या पद्धतीने होईल की काय असं वाटायचं.

ग्रुपवर दोन तट पडले. ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुलांचे आईबाप म्हणायचे बंदच ठेवा, पूर्वी रस्ता ओलांडताना पोटात गोळा यायचा. ऑफिसवाले म्हणायचे उघडा, नाहीतर सिग्नल बसवा. कोणीतरी दर आठवड्याला नकाशावर लाल रेघा मारून नवीन प्लॅन टाकायचा. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की लाल रेघ कुठूनही काढली तरी ती शेवटी त्याच रस्त्यावर येतेय. आम्हाला बाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती. मागची भिंत दुसऱ्या सोसायटीची, तिची मागची भिंत तिसऱ्या सोसायटीची, मधला डीपी रस्ता (डेव्हलपमेंट प्लॅनमधला) शहराच्या विकास आराखड्यात आहे पण अर्धा झालेला आणि पुढे पत्रे ठोकलेले. शेतं होती, एकेक प्लॉट विकला गेला, ज्याने त्याने आपलं कंपाउंड घातलं, रस्ता जोडायचं काम सगळ्यांत शेवटी. त्यात एका बाजूला मुळा नदी, एका बाजूला हायवे, एका बाजूला बाणेरची टेकडी. बालेवाडी-वाकड पुलाचं तर ऐकलंच असेल, नदीवर पूल बांधून तयार आणि जोडरस्त्याची जागा ताब्यात नाही म्हणून तो कित्येक वर्षं नुसता उभा होता. त्या पुलाकडे बघत नदीपलीकडच्या मित्राशी फोनवर बोलायचो, आणि भेटायचं ठरलं तर हायवेला वळसा.

कोथरूडला रस्ते काही रुंद नाहीत, उलट अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या, पी-वन पी-टूच्या, म्हणजे सम-विषम तारखेला एकेका बाजूला पार्किंगच्या, पाट्या कोणी वाचत नाही, वाचल्या तर टोइंगवाला आल्यावर. पण जुन्या प्लॉटेड कॉलन्या, सहकारी सोसायट्या, त्यांच्या मधल्या गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. कर्वे रोड तुंबला की मयूर कॉलनीतून पौड रोड गाठता येतो, तिकडेही तेच असेल तर कर्वेनगरातून डीपी रोड पकडून म्हात्रे पुलावर निघता येतं. खोटं कशाला बोलू, वेळ पुष्कळदा तेवढाच लागतो. फक्त माणूस हलत राहतो, आणि कुठून जायचं हे आपण ठरवतोय असं वाटतं, निदान मला तरी त्याने फार फरक पडला. एखादी गल्ली खोदलेली असली तर (आणि पुण्यात कुठली तरी असतेच) दुसरी असते. दूध संपलं तर चालत जाऊन आणता येतं, रस्ता न ओलांडता.

कोथरूडचं दुखणं वेगळं आहे आणि ते वाढत जाणारं आहे, ते लपवत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची नवीन एकत्रित बांधकाम नियमावली आली, लोक यूडीसीपीआर म्हणतात ती, त्यानंतर इथे रिडेव्हलपमेंटचा जो सपाटा सुरू झालाय तो बघवत नाही. तीन मजली जुनी सोसायटी पाडून त्या जागी दहा-बारा मजले, खाली दोन मजले पार्किंग, आणि समोरची गल्ली होती तेवढीच. आमच्या गल्लीत सध्या हिरव्या जाळ्या लावलेल्या बिल्डिंगच जास्त आहेत. काँक्रीटचा मिक्सर वळणावर अडकला की गल्लीचे सगळे आजोबा बाहेर येऊन ड्रायव्हरला सूचना देतात, ते बघायला मजा येते पण स्कूलबस मागे अडकलेली असते. हे सगळे फ्लॅट भरले की आज ज्या गल्ल्यांचं मी कौतुक करतोय त्यांची काय अवस्था होईल हे सांगवत नाही. दहा वर्षांनी तुम्ही येऊन मला चार शब्द सुनावले तर मी ऐकून घेईन.

आणि बालभारती-पौड फाटा रस्ता. दोन किलोमीटरच्या आसपासचा, वेताळ टेकडीच्या अंगाने सेनापती बापट रोडला जोडणारा, वर्षानुवर्षं कागदावर. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवा म्हणून मोठा मोर्चा निघाला होता. बाकीच्या ठिकाणी असल्या वादात सोसायटीत दोन गट पडतात, इथे एकेका घरात पडलेत. बायको रोज टेकडीवर जाते, तिच्यासमोर विषय काढायची सोय नाही. मला, हा रस्ता नाही म्हणून, आठवड्यातून काही वेळा तुंबलेल्या लॉ कॉलेज रोडने जावं लागतं. माझं मत विचाराल तर टेकडीला हात लावू नये, फक्त ते मत संध्याकाळी सातला मी लॉ कॉलेज रोडवर उभा असताना विचारू नका. वाटा जास्त हव्यात असं मीच वर लिहिलंय आणि ही एक वाट नको म्हणतोय, ते जुळत नाही हे मलाही दिसतंय. पण दोन सोसायट्यांच्या मधली भिंत पाडून रस्ता जोडणं आणि टेकडी फोडणं हे माझ्या लेखी एक नाही.

बाणेर-बालेवाडीच्या बाजूने बोलायचं तर घरं हवेशीर, लिफ्ट मोठ्या, पार्किंगवरून शेजाऱ्याशी वैर नाही, मुलांना खेळायला सोसायटीतच जागा, आणि म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडासंकुल जवळ असल्यामुळे पोहायला वगैरे पाठवायचं असेल तर यापेक्षा चांगला एरिया नाही. बालेवाडी हाय स्ट्रीटला, हॉटेलांच्या त्या रस्त्याला, शनिवारी रात्री जायचं असलं तर तुम्ही तिथेच राहत असणं बरं, कारण बाहेरून येणाऱ्याला पार्किंग मिळत नाही. मुंबईला नेहमी जाणाऱ्यालाही हायवे हाताशी. आईवडील सोबत राहणार असतील तर मात्र जरा विचार करा. आमच्या आईला बालेवाडीत कुठेही जायचं तर कोणीतरी सोडायला लागायचं, इथे ती बँकेत, देवळात, भाजीला, नाटकाला एकटी जाऊन येते आणि वर आम्हालाच सांगते की अमुक गल्ली खोदलीये, तिकडून जाऊ नको.

तर फ्लॅट बघायला एजंट नेहमी रविवारी सकाळी नेतो, तेव्हा सगळंच छान दिसतं. तुम्ही मधल्या वारी संध्याकाळी स्वतः जा, गेटमधून गाडी बाहेर काढा आणि ज्या दिशेला ऑफिस आहे तिकडे वळता येतं का बघा. समोर डिव्हायडरला गॅप असेल तर तो कायम राहील असं धरून चालू नका. नकाशात मागचा डीपी रस्ता दाखवला तर गाडी घेऊन त्या रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन या, नकाशातले रस्ते नकाशातच असतात कधीकधी. दोघांचीही ऑफिसं हिंजवडीत असतील तर कोथरूडच्या भानगडीत पडू नका, चांदणी चौकातून रोज हायवेने जाणं सोपं वाटतं पण नाहीये. तेव्हा बालेवाडीच बघा, फक्त कोपऱ्यावरची सोसायटी बघा, दोन रस्त्यांना दोन गेट असलेली आणि दोन्ही गेट खरोखर उघडी असलेली, कारण दुसऱ्या गेटला कुलूप लावून सिक्युरिटीचा खर्च वाचवायची कमिट्यांना सवय असते. अशा फ्लॅटला मालक दोन पैसे जास्त मागतो. द्या. मला तसा मिळाला असता तर मी अजून तिथेच असतो, बहुतेक.